चौकटची चव्वी

पुरानी बस्ती, रायपूर
२ ऑक्टोबर २०२४

दादा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं तुला दिसेलच. दिसू दे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. बिलासपूर काही फार दूर नाही, पण तुझ्या दारात येऊन उभी राहिले तर लता वहिनी पाणी आणून देतील, तू आंघोळीला जाशील आणि मी तशीच परत येईन. म्हणून पत्र. ते फोनसारखं कापता येत नाही. फाडता येतं, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू काही फाडत नाहीस, जपून ठेवतोस.

त्या रविवारचं सगळं मी ओळीनं मांडणार आहे. तुला माहीत असलं तरी मांडणार, कारण त्या दिवशी हॉलमध्ये मला कुणी मांडू दिलं नाही.

गणपती मंडळाची फायनल. मेंढीकोट, इथले लोक ज्याला दहला पकड म्हणतात. मी आणि तू समोरासमोर, मध्ये प्रफुल्ल आणि त्याचा मेहुणा. सात डावांची मॅच, चार डाव जिंकेल त्याची शिल्ड. पण कुणी एकाच डावात चारही दहले धरले तर कोट, आणि कोट झाला की मॅच तिथंच खलास. दोन डाव आपले झाले होते, दोन त्यांचे. पाचव्या डावात इस्पिक हुकूम. शेवटची तीन-तीन पानं हातात. बदामचा आणि किलवरचा दहला आपल्याकडे आलेला, चौकटचा आणि हुकमाचा बाकी. दहले सारखे झाले तर जास्त हातवाल्यांचा डाव, आणि हातांत ते आपल्या पुढे होते. उतारी माझी.

माझ्याकडे हुकमाचा राजा, बदामचा एक्का आणि चौकटची चव्वी. हुकमाची दोनच पानं उरली होती, माझा राजा आणि तो दहला. मी राजा टाकला असता तर दहला कुणाच्याही हातात असो, राजाखाली पडलाच असता. तीन दहले, डाव आपला, कसलाच धोका नाही. माझ्या जागी तू असतास तर डोळे मिटून राजा टाकला असतास. पुढच्या डावातही तसंच काहीतरी केलं असतंस, आणि संध्याकाळपर्यंत आपण तिथं बसून राहिलो असतो.

मी चव्वी टाकली. चौकटचा दहला प्रफुल्लकडे एकटाच आहे हे पानं मोजणाऱ्या कुणालाही कळलं असतं. त्याला तो टाकावा लागला. मग तुझी पाळी. तुझ्याकडे चौकट नव्हतं. तू हुकमाचा दहला मारलास. एका हातात दोन दहले. चारही आपले. कोट.

तो हुकमाचा दहला प्रफुल्लच्या मेहुण्याकडे असता तर दोन्ही दहले ते घेऊन गेले असते, डावही गेला असता. मग मी एवढी उडी काहून मारली? कारण तो तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. त्याच डावात दोनदा तुला हुकूम मारायची संधी आली होती आणि दोन्ही वेळा तू फालतू पान फेकलंस. सगळ्यांना वाटलं, पांडुरंगचा हुकूम संपला. मला नाही वाटलं. तुझ्या हातात दुर्री-तिर्री असती तर तू मारली असतीस. दहला होता म्हणून मारला नाहीस, वरून कुणी मोठं पान मारेल म्हणून घाबरलास. बाबांनी आपल्याला शिकवलं तेव्हापासून तू असाच खेळतोस. मोठं पान छातीशी धरून बसतोस. तुझ्या त्या भीतीवर मी मॅच लावली, आणि जिंकली.

मग प्रफुल्ल उठला. "दीदी ने मंगलसूत्र पकड़ा था! पत्ता डालने के पहले! इनको कैसे पता दहला किसके पास है? ये इशारा है."

विचार करताना माझा हात मंगळसूत्रावर जातो. स्वयंपाक करताना जातो, लाइट बिल भरायच्या रांगेत जातो. हे तुला ठाऊक आहे.

मी बोलायला उभी राहिले, तोवर चार जण एकदम ओरडायला लागले. त्या गर्दीतून फक्त शांताताई म्हणाल्या, डब्ल्यूआरएस कॉलनीतल्या, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या त्या, "पोरीले बोलू तं द्या!" त्यांचं कुणी ऐकलं नाही. अध्यक्ष म्हणून यज्ञेश्वरकाकांनी माइक हातात घेतला. आरोप करणारा त्यांचाच मुलगा, तरी काकांनी बरोबर काम केलं, मी मान्य करते. त्यांनी माइक तुला दिला. म्हणाले, "पांडुरंगजी, तुम्हीच सांगा."

एक वाक्य पुरलं असतं. 'मी हुकूम राखून ठेवतो हे माझ्या बहिणीला लहानपणापासून माहीत आहे.' बस. लोक हसले असते तुला, थोडेसे.

तू म्हणालास, "खेळात आमच्याकडून चूक झाली असेल तर मी माफी मागतो. शिल्ड प्रफुल्लच्या टीमला द्यावी."

झाली असेल तर. झाली म्हणाला नाहीस, नाही झाली म्हणाला नाहीस.

बंदी एका वर्षाची, फक्त माझ्यावर. तू माफी मागितलीस ना. म्हणजे इशारा करणारी मी, आणि तो बघणारा कुणीच नाही.

घरी आले तर बाबांनी विचारलं, "कोण जिंकलं?" मी म्हटलं, आपण.

माझं एकच मागणं आहे. चार माणसांत एकदा सांग की इशारा नव्हता. शिल्ड त्यांनी कपाटात ठेवावी, खुशाल.

अनुश्री


२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे, त्यामुळे तुझ्यावर ओझं नको.

रविवारचा मराठी वर्ग बंद झाला. म्हणजे बंद नाही, माझा बंद झाला. यज्ञेश्वरकाकांनी फोन करून फार गोड शब्दांत सांगितलं, "या साली राहू द्या अनुश्रीताई. पालकांचं थोडं मन दुखलेलं आहे." वर्ग मी सुरू केला होता. पोरांना मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीत द्यायची, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करून मराठीतच पुढे जायची. एक जण 'आजी आली' लिहायला शिकला आणि त्याच्या आजीनं मला पुरणपोळी पाठवली होती. त्याच आजीला परवा ब्राह्मणपाऱ्यातल्या किराणा दुकानात बघितलं. तिनं दुकानातली बरणी उचलून तिच्यावरचं नाव वाचायला घेतलं. तिला वाचता येत नाही.

पोरं मोठी गंमत करतात. मी गल्लीतून गेले की एखादा गळ्याशी हात नेतो आणि बाकीचे हसतात. मी पण हसते. न हसले तर घरी जाऊन सांगतील, मॅडम को बुरा लग गया.

सुशीलबद्दल लिहिणार नव्हते. लिहिते. ते भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून आले, जेवायला बसले. मी भात वाढत होते. म्हणाले, "एक विचारू? राग नको मानू."

"विचारा."

"केला होता का?"

त्यांनी वाईट मनानं नाही विचारलं. मी 'हो' म्हटलं असतं तरी त्यांनी काही केलं नसतं, वरण मागितलं असतं. हेच मला जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला ही शंका येते. का येते? माझा सख्खा भाऊ, समोर बसून खेळणारा, माइकवर उभा राहून 'नाही' म्हणाला नाही म्हणून येते. बाहेरच्यांचं सोड.

मी म्हटलं, "नाही केला."

"मग पांडूदादा बोलले काहून नाहीत?"

याचं उत्तर तू दे.

लता वहिनींचा फोन आला होता. "अनु, ताणू नको आता. ते म्हणतात, थोडे दिवस गेले की लोक विसरतात." तू म्हणतोस असं. म्हणजे बोलतोस तर, घरात. मी विचारलं, ते बाजूला आहेत का? वहिनी म्हणाल्या, नाही, ऑफिसात गेलेत. मागे तुझा खोकला ऐकू येत होता.

बाबा बरे आहेत. रोज विचारतात, पांडूचा फोन आला होता का. मी सांगते, आला होता, तुम्ही झोपले होते.

अनुश्री


९ फेब्रुवारी २०२५

पांडुरंगराव,

आज कळलं.

महामाया मंदिराच्या रस्त्यावर मंडळातल्या एक बाई भेटल्या. गेले काही महिने त्या मला बघून रस्ता ओलांडत होत्या, आज स्वतःहून आल्या, माझा हात धरला. "बधाई हो! अब तो रिश्तेदार हो गए आप लोग. पेढे कब?" मी विचारलं, कशाचे? त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा कसा झाला ते मला दिसलं नाही.

तुझ्या पियुषचा साखरपुडा झाला. रुचिताशी. प्रफुल्लच्या मुलीशी, यज्ञेश्वरकाकांच्या नातीशी. त्या बाईंनीच सांगितलं की बोलणी श्रावणापासून चालू होती.

श्रावणापासून. म्हणजे आपण फायनलला बसलो तेव्हा तुला ठाऊक होतं की समोर तुझा होणारा व्याही आहे. माइक हातात देणारे तुझ्या होणाऱ्या सुनेचे आजोबा आहेत. त्या हॉलमध्ये हे फक्त मला ठाऊक नव्हतं.

मी इतके दिवस वेगळंच समजून बसले होते. मला वाटत होतं, तू गोंधळलास. गर्दी बघून तुझी जीभ अडखळली. तू भित्रा आहेस हे मी सगळ्यांना, अगदी सुशीललासुद्धा, तुझ्या बाजूनं सांगत होते. 'दादा घाबरला हो, तो तसाच आहे.' तू घाबरला नव्हतास. तू हिशेब केलास. एका बाजूला पोट्ट्याची सोयरीक, दुसऱ्या बाजूला बहीण. बहीण कुठं जाते? ती तर घरचीच आहे.

मला आधी एक शब्द सांगितला असतास तर मी त्या वर्षी खेळलेच नसते. ताप आला म्हणून घरी बसले असते. किंवा खेळले असते आणि गपचूप राजा टाकला असता. पियुषसाठी मी एवढं केलं नसतं का? दहावीचं गणित मी घेतलं होतं त्याचं. माझ्या घरी राहून शिकला तो, तुझी बदली झाली तेव्हा.

त्याचा मेसेज आला संध्याकाळी. त्याला कुणीतरी सांगितलं असेल की आत्याला कळलं. 'आत्या, मैं आपको खुद बताने वाला था. आप समझ रहे हो ना?' मी लिहिलं, हो रे, सुखी राहा. खरंच लिहिलं, मनापासून. त्या पोराचं यात काय?

मग वहिनींचा फोन. लग्न एप्रिलमध्ये. बाबांना न्यायला गाडी पाठवणार आहात म्हणे. आणि मी? वहिनी म्हणाल्या, "तू असं कर अनु, हळदीला ये सकाळी. नाहीतर नंतर ये, सावकाश, चार दिवस राहायलाच ये. लग्नात तिकडची सगळी मंडळी असतील, उगीच कुणी काही बोललं तर तुलेच वाईट वाटेल."

माझ्या वाईट वाटण्याची फार काळजी घेता तुम्ही.

अनुश्री


१८ मे २०२५

दादा,

लग्न छान झालं असं बाबा म्हणाले. जेवणात बालूशाही होती आणि बाबांनी ती दोनदा घेतली. त्यांची शुगर मी बघते, त्यामुळे तुला चिंता नको.

मी हळदीला आले नाही, नंतरही आले नाही. सुशील म्हणाले, "जाऊन ये, किती ताणणार?" मी म्हटलं, मी काही ताणलेलं नाही, मला फक्त जागा सांगा माझी कुठली आहे, तिथं बसते. लग्नाच्या दिवशी मी घरात पडदे धुतले.

हे पत्र मात्र बाबांसाठी लिहिते आहे. तुला वाटत असेल त्यांना काही माहीत नाही. मलाही तेच वाटत होतं.

परवा त्यांना जेवायला वाढलं. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, बोटांनी पोळी चाचपतात. एकदम म्हणाले, "अनु, तू चव्वी टाकली आन पांडूनं दहला मारला ना?"

मी वाटी खाली ठेवली. "तुम्हाले कोनं सांगितलं?"

"लग्नात बोलून राहिले होते लोक. पन मले तं तवाच समजलं होतं. जिंकून आलेली पोट्टी अशी गपचूप भांडे घासायले जाते का?"

"बाबा, मी इशारा नाही केला."

"कायले करशील?" ते हसले. "पांडूजवळ दहला असला तं तो मारतच नाही. अख्खा डाव धरून ठेवते. हे मले आंधळ्याले समजते, तुले नाही समजणार?"

दादा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हे बोललं. जे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते, ते बाबांनी पोळी मोडता मोडता सांगून टाकलं. मी तिथंच खाली बसले त्यांच्या पाटाजवळ. म्हटलं, "मंग सांगा ना तुम्ही. यज्ञेश्वरकाकांले सांगा. दादाले सांगा, तुमचं ऐकते तो."

बाबांनी घास खाल्ला. पाणी प्याले.

"काय सांगू? पोट्ट्याचं जमून राहिलं होतं. त्यानं काय करायचं होतं?"

"अन् मी?"

"तुले काय झालं? तू तुझ्या घरी आहेस, नवरा चांगला आहे. पत्त्याची तं गोष्ट होती." मग, समजूत घातल्यासारखं, "मी असतो तं मीबी तेच केलं असतं, अनु."

त्यांना ताक हवं होतं. मी दिलं.

तुला बरं वाटावं म्हणून हे कळवते आहे. बाबा तुझ्या बाजूनं आहेत. मी खोटी नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि तरी ते तुझ्या बाजूनं आहेत. यापुढे मला कुणाला काही पटवायचं राहिलं नाही.

अनुश्री


२६ ऑगस्ट २०२५

दादा,

आज तीजा, इथली हरतालिका. पोळा झाल्यापासून गल्ली रिकामी व्हायला लागली होती. इथल्या सगळ्या सुनांना माहेरी न्यायला भाऊ आले, कुणाचा मोटरसायकलवर, कुणाचा ऑटो घेऊन. समोरची ईरा निघताना मला म्हणाली, "दीदी, आप लोगों में नहीं होता क्या, भाई का लेने आना?" मी म्हटलं, नाही, आमच्यात नसतं. बरं झालं आपण वर्ध्याकडचे आहोत. रीत नाही म्हणून सुटलो.

उद्या गणपती बसतात. माझी बंदी संपली. यज्ञेश्वरकाका स्वतः घरी आले होते, सोफ्यावर बसले, चहा घेतला. "झालं गेलं सोडा अनुश्रीताई. आता तर आपण नात्यातले. या साली नाव द्या. फक्त घरचा पार्टनर नको, म्हणजे कोणाले बोलायले जागा नाही." मी त्यांना खारी दिली. तुझ्या व्याह्यांचे वडील आहेत.

मी नाव देणार नव्हते. पण शांताताई आल्या, कॉलनीतून एवढ्या लांब सिटी बसनं. दारातूनच म्हणाल्या, "मी बसते तुझ्यासंग. मले चष्म्यातून नीट दिसत नाही, तं इशारा केला तरी वाया जाईल." मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. बाबा आतून ओरडले, काय झालं म्हणून.

शांताताई कशा खेळतात तुला ठाऊक नसेल. त्या कधी राखून ठेवत नाहीत. म्हणतात, दवाखान्यात पाहिलं मी, उद्यासाठी ठेवलेलं किती जणांच्या कामी येते ते. त्यांना डाव लवकर मारायचा असतो. लागला तर लागला.

सुशील म्हणतात, कशाला पुन्हा त्या हॉलमध्ये. मी जाणार. मला तिथं पुन्हा एकदा कोट करायचा आहे, सगळ्यांसमोर, तुझ्याशिवाय.

अनुश्री


१४ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझा मेसेज मिळाला. वर्षभरातला पहिला. 'व्हिडिओ पाहिला. या वेळी छान खेळलीस. असंच सांभाळून खेळत जा. बाबांना नमस्कार.'

बाबांना नमस्कार सांगितला.

फायनलच्या व्हिडिओत तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही. मी काय खेळले ते सांगते. फायनलला समोर बँकेतले दोन तरुण होते, मोबाइलवर खेळून शिकलेले, चांगले होते. मी मंगळसूत्र घरी काढून ठेवलं होतं. दोन्ही हात टेबलावर. प्रफुल्ल पंच होता, माझ्या खुर्चीमागे उभा. पंचानं कुठंही उभं राहावं, नियम आहे.

चौथ्या डावात दोन दहले आमच्याकडे आले होते. बदामचा दहला माझ्या उजवीकडच्या पोराकडे एकटा उरला आहे हे मला पानागणिक कळत गेलं. बदामचा एक्का शांताताईंनी अजून काढला नव्हता. त्या राखून ठेवत नाहीत, म्हणजे काढायला त्यांना संधीच मिळाली नव्हती, म्हणजे तो त्यांच्याकडेच होता. माझ्या हातात बदामची पंजी होती. ती टाकली असती तर तो दहला त्यांच्या एक्क्याखाली आला असता, आणि शेवटचा हुकमाचा दहला मी स्वतः धरून बसले होते. कोट. चुकले असते तर डाव गेला असता, मॅच नाही. शांताताई माझ्याकडे बघतही नव्हत्या, चष्मा पुसत होत्या.

माझं बोट पंजीवर होतं. मागे प्रफुल्लचा श्वास ऐकू येत होता. मी विचार केला, हे पान टाकलं आणि बरोबर निघालं तर? ते पुन्हा म्हणतील, हिला कसं कळलं? शांताताईंचा चष्मा मध्ये आणतील. आणि या वेळी एका म्हाताऱ्या बाईचं नाव जाईल माझ्यापायी.

मी दुसरं पान टाकलं. पक्कं. तीन दहले आले, डाव आमचा झाला. मग पाचवा हरलो, सहावा जिंकलो, असाच सावकाश, घोटून घोटून. लोक अर्ध्यात उठून प्रसाद घ्यायला गेले. चार विरुद्ध दोन. शिल्ड मिळाली. मी जिंकले, दादा, हा शब्द लिहायला हवा.

प्रफुल्ल म्हणाला, "दीदी, इस बार एकदम क्लीन गेम." यज्ञेश्वरकाका माइकवर म्हणाले, समजूतदार खेळ कसा असतो ते अनुश्रीताईंनी दाखवलं. टाळ्या झाल्या. गेल्या वर्षी खरी खेळले तेव्हा चोर ठरले. या वर्षी हातातलं पान दाबून ठेवलं, तर टाळ्या.

बाहेर चपला घालताना शांताताईंनी विचारलं, "पोरी, तुले माहीत होतं ना एक्का माझ्याजवळ होता?"

"हो."

"मंग काहून नाही टाकली पंजी?"

मी सांगितलं. त्यांचं नाव येईल म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपलेचा पट्टा लावला.

"माझ्या नावाची तुले काय फिकर? मी तं त्यासाठीच आली होती ना." मग म्हणाल्या, "पुढच्या साली मी नाही बसत तुझ्यासंग मंडळात. कटाळा आला मले आज."

तू छान म्हणालास आणि त्यांना कंटाळा आला. मला रडू रस्त्यात नाही आलं, घरी आल्यावर बाबांनी शिल्डवरून बोट फिरवत "असं पाहिजे, डोकं शांत ठेवून" म्हटलं तेव्हा आलं.

तुझ्या मेसेजला उत्तर मी दिलेलं नाही, हे पत्रच उत्तर समज. तू माफी मागू नकोस. आता ती मला लागत नाही, आणि तू मागितलीस तरी 'झाली असेल तर' असंच म्हणशील. बाबांना भेटायला ये, केव्हाही ये. जेवायला वाढेन. माझ्यासाठी म्हणून मात्र येऊ नकोस.

आज रविवार. सकाळी मी कॉलनीत गेले शांताताईंकडे. अंगणात सतरंजी टाकून चार बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर नातू झोपलेला. त्यांनी मला जागा करून दिली, कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्याच डावात हातात पक्कं पान असताना मी एक छोटं पान टाकलं, दहला शांताताईंच्या राणीखाली येईल अशा हिशेबानं. राणी त्यांच्याकडे नव्हतीच. दुसऱ्याच बाईकडे होती, तिनं ती टाकून दहला उचलला आणि अख्खा डाव ओढून नेला. नातू दचकून उठला एवढ्या मोठ्यानं त्या हसल्या.

"गेला ना डाव!" शांताताई म्हणाल्या. "पिस आता. हरनाऱ्यानं पिसायचे."

मी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.

अनुश्री